मनगटावरचे पाच पंच

२०१९ सालच्या डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात एक पाहुणा आला. जेमतेम तीन वर्षांचा नर वाघ. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून तो जूनमध्ये निघाला होता. वाटेत तेलंगणातली जंगलं, नद्या, हमरस्ते, कपाशीची आणि तुरीची शेतं. बहुतेक चाल रात्रीची. त्याच्या गळ्यात अभ्यासकांनी बसवलेला पट्टा होता आणि तो तासातासाला वाघाचं ठिकाण नोंदवत होता. अशी पाच हजारांवर ठिकाणं जोडली, तेव्हा नऊ महिन्यांच्या भटकंतीचा आकडा निघाला: ३,००० किलोमीटरहून जास्त. या वाघाचं नावच ‘वॉकर’ पडलं.

हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी वाघाच्या दमाने थक्क झालो. पुढे एकदा नकाशावरची ती रेघ निरखून पाहिली आणि पट्ट्याने थक्क झालो. दर तासाला एक टिंब आणि दोन टिंबांमध्ये सरळ रेघ. पण वाघ काही सरळ रेघेत चालत नाही. तो नाल्यात उतरतो, बांधाला वळसा घालतो, रानडुकराच्या मागावर मागे फिरतो. म्हणजे ३,००० किलोमीटर हा टिंबांमधल्या रेघांचा हिशेब आहे. खरी पावलं त्याहून जास्तच पडली असणार. पट्ट्याने पाहिली ती फक्त जागा आणि वेळ. अंतर आपण काढलं. आणि तो का चालला, जोडीदारीण शोधायला की हक्काचा मुलूख शोधायला, हा तर सगळा आपला तर्क.

गेल्या हिवाळ्यात हा पट्टा मला पुन्हा आठवला. माझा भाचा चिखलीजवळच्या गावात राहतो, पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे पाचला ग्राउंडवर जातो. त्याने मला तीन स्मार्टवॉचचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, ‘मामा, यातलं कोणतं घेऊ? का घेऊच नको?’ एक दोन हजारांचं, एक आठ हजारांचं आणि एक थेट वीस हजारांच्या पुढचं, खास पळणाऱ्यांसाठी बनवलेलं. घरी पैसे मोजूनमापून येतात. उत्तर देण्याआधी या डबीत नेमकं काय चालतं ते समजून घ्यावं म्हणून मी वाचायला बसलो, आणि कित्येक आठवडे त्यातून बाहेरच आलो नाही.

पंचनामा होताना तुम्ही पाहिलाच असेल. पंच म्हणून बोलावलेल्या माणसाने डोळ्यांसमोर दिसतं तेवढंच सांगायचं असतं: भिंत एवढी खचली, झाड अमुक जागी पडलं. कोणामुळे, कशामुळे, याचा युक्तिवाद पुढे वकील करतात. पळणाऱ्याच्या घड्याळातही असे पाच पंच बसलेले आहेत. आधी त्यांची ओळख करून घेऊ, मग घ्यायचं की नाही ते ठरवू.

पहिला पंच: गारगोटी

आपल्या भागात विहीर खोदताना काळ्या पाषाणाच्या पोकळीत कधीकधी चमकणारी गारगोटी सापडते. घड्याळात बसते ती हिचीच कारखान्यात वाढवलेली बहीण. या स्फटिकाच्या अंगी एक विलक्षण गुण आहे: त्याला विजेचा स्पर्श केला की तो थरथरतो, आणि थरथरण्याचा ठेका सोडत नाही. घड्याळासाठी तो अशा बेताने कापतात की सेकंदाला नेमक्या ३२,७६८ वेळा थरथरावा. हा आकडा निम्मा करा, त्याचा निम्मा करा, असं पंधरा वेळा केलं की शेवटी उरतो १. तोच एक सेकंद. १९६९ च्या नाताळात जपानच्या सेको कंपनीने स्फटिकावर चालणारं पहिलं मनगटी घड्याळ विकायला काढलं, तेव्हा त्याची किंमत एका छोट्या मोटारीएवढी होती. आज असा स्फटिक शंभर-दीडशे रुपयांच्या घड्याळातही थरथरतो.

साधं स्फटिकाचं घड्याळ महिन्याला पंधराएक सेकंद मागेपुढे होतं. पाच मिनिटांच्या धावेत ही चूक सेकंदाच्या पाचशेव्या भागाएवढीही भरत नाही. बटण दाबणारा अंगठा तिच्या शंभरपट चुकतो. पाचही पंचांत हा सगळ्यात भरवशाचा, आणि सगळ्यात स्वस्तही.

दुसरा पंच: आकाश

जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर, म्हणजे मुंबई-नागपूर अंतराच्या पंचवीसपट दूर, जीपीएसचे तीसएक उपग्रह फिरत असतात. प्रत्येकात अणुघड्याळ आहे. ते खाली एकच गोष्ट अखंड सांगत असतात: मी अमुक आहे, अमुक जागी आहे आणि आत्ता इतके वाजले आहेत. ही हाक आपल्या मनगटापर्यंत यायला सेकंदाचा जेमतेम पंधरावा भाग लागतो. घड्याळ ऐकतं, किती उशिरा ऐकू आलं ते मोजतं आणि त्या उशिरावरून अंतर काढतं. तीन उपग्रहांची अंतरं कळली की जागा ठरते. चौथा कशाला? मनगटावरची गारगोटी अणुघड्याळापुढे कच्ची पडते; तिची चूक सुधारायला चौथा. पहिल्या पंचाची साक्ष दुसरा पंच असा तपासून घेतो.

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. उपग्रह वेगाने फिरतो म्हणून त्याचं घड्याळ आपल्यापेक्षा हळू चालतं, आणि पृथ्वीच्या ओढीपासून दूर आहे म्हणून जलद चालतं. आइनस्टाइनच्या सिद्धांताने दोन्हींची वजाबाकी केली तर ते दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. ही दुरुस्ती केली नसती, तर एका दिवसात ठिकाण दहा किलोमीटर सरकलं असतं: चिखलीतून निघालेला माणूस नकाशावर भलत्याच गावच्या शिवारात दिसला असता. १९१५ साली कागदावर उतरलेलं गणित आज पहाटे धावणाऱ्या पोराच्या मनगटावर काम करतं आहे.

२००० सालापर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीचे हे संकेत मुद्दाम धूसर ठेवत असे. त्या वर्षीच्या मे महिन्यात धूसरपणा काढला आणि तीन वर्षांत, २००३ मध्ये, गार्मिन कंपनीने धावणाऱ्यांसाठी आपलं पहिलं जीपीएस घड्याळ आणलं. आता रशिया, युरोप आणि चीन यांचेही उपग्रह आहेत, आणि आपल्या इस्रोची ‘नाविक’ प्रणाली आहे. २९ मे २०२३ ला इस्रोने सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात भारतात घडवलेलं अणुघड्याळ आहे.

तरीही हा पंच चुकतो. झाडाची पानं, इमारतीची भिंत, मनगटाचा हेलकावा, सगळं आड येतं. लोणारचं उदाहरण घ्या. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. शाळेतल्या सूत्राने परीघ साडेपाच किलोमीटरच्या थोडा वर निघतो. पण काठाने घड्याळ बांधून फिराल तर आकडा याहून मोठा येईल. काठ वाकडातिकडा आहे, हे एक कारण. दुसरं कारण घड्याळाचंच: ते सेकंदासेकंदाला टिंब देतं, प्रत्येक टिंब दोन-चार मीटर इकडेतिकडे पडतं, रेघ नागमोडी होते आणि लांबते. वाघाच्या पट्ट्याने अंतर कमी दाखवलं, कारण टिंबं फार लांब लांब होती. माणसाचं घड्याळ ते बहुधा वाढवतं, कारण टिंबं फार जवळ जवळ आहेत. विद्या एकच, पण टिंबांमधलं अंतर बदललं की चूक उलटी फिरते.

तिसरा पंच: हिरवा उजेड

लहानपणी अंधारात टॉर्चवर बोट धरून पाहिलं असेल. बोट निखाऱ्यासारखं लाल पेटतं. रक्त लाल उजेड पुढे जाऊ देतं आणि हिरवा गिळून टाकतं. घड्याळाच्या पोटाला चमकणारे हिरवे दिवे याच गुणावर चालतात. हृदयाचा ठोका पडला की मनगटात रक्ताची लाट येते, हिरवा उजेड जास्त गिळला जातो आणि परत कमी येतो. लाट ओसरली की जास्त परत येतो. उजेडाची ही भरती-ओहोटी मोजली की नाडी मोजली. ही युक्ती नवी नाही. ॲलरिक हर्ट्झमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात तिचा पाया घातला.

म्हणजे हा पंच हृदय पाहत नाही, कातडीखालचा उजेड पाहतो. पट्टा सैल असला की बाहेरचा उजेड आत शिरतो. डिसेंबरच्या पहाटे हात गारठला की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि लाट बारीक होते. आपल्याकडे बायकांच्या मनगटावर गोंदण असतं. त्याची शाई उजेड शोषते आणि आकडा भरकटतो. बांगड्या असतील तर घड्याळ त्यांच्या वर, कोपराच्या बाजूला घट्ट बांधावं. आणखी एक फसगत होते: पावलं आणि ठोके यांची लय जवळ आली की घड्याळ ठोके सोडून पावलंच मोजू लागतं. सावकाश पळतानाही नाडी १७५ दिसायला लागली तर आधी पट्टा घट्ट करून पाहावा.

छातीला बांधायचा पट्टा मात्र हृदयाची वीज थेट पकडतो, म्हणून तो जास्त खरा. फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बिनतारी छातीपट्टा बाजारात आणला, आणि आजही नाडीची बारीक नोंद हवी असलेले खेळाडू छातीपट्टाच बांधतात.

चौथा पंच: हिसका

घड्याळाच्या आत सिलिकॉनमध्ये कोरलेला एक झोपाळा असतो, डोळ्यांना न दिसणारा. केसाहून बारीक स्प्रिंगांवर टांगलेलं इवलंसं वजन. हात हलला की ते किंचित मागे राहतं, जसं एसटीने एकदम वेग घेतला की आपण मागे झुकतो. वजन आणि शेजारची पट्टी यांच्यातली फट बदलते, फटीबरोबर विजेचा साठा बदलतो, आणि तो मोजला की हिसका मोजला. हिसक्यांवरून पावलं, पावलांवरून लय.

पावलं मोजणं याचं काम. पण ‘रोज १०,००० पावलं’ हा आकडा याने सांगितलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजायचं यंत्र आलं. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचं मापक’. तो आकडा दवाखान्यातून किंवा प्रयोगशाळेतून आलेला नाही, दुकानातल्या डबीवरून जगभर गेला.

पाचवा पंच: हवेचं वजन

महाग घड्याळात हवेचा दाब मोजणारा एक कान असतो. १६४८ साली ब्लेझ पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्लोरँ पेरिए पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधला एक डोंगर चढला. वर जाईल तसा पारा खाली उतरत गेला. हवेला वजन आहे आणि डोंगरावर ते कमी होतं, हे त्या दिवशी माणसाने डोळ्यांनी पाहिलं.

पेरिएचा तोच प्रयोग आता बुलढाण्याजवळचा राजूर घाट चढणारा प्रत्येक जण मनगटावर करतो. मलकापूर-नांदुऱ्याकडची पूर्णाकाठची जमीन समुद्रसपाटीपासून अडीचशे-तीनशे मीटरवर, तर घाटमाथ्यावरचं बुलढाणा शहर साडेसहाशेच्या आसपास. दर आठ-नऊ मीटर चढलं की हवेचा दाब एक मिलिबारने उतरतो. म्हणजे सपाटीवरून शहरात येईपर्यंत चाळीसएक मिलिबार. घड्याळाला एक जिना चढलेलाही कळतो. फक्त वळवाचं वादळ आलं की दाब असाही उतरतो, आणि घरात बसल्या बसल्या घड्याळाला वाटतं की आपण टेकडी चढलो.

वकिलांचे आकडे

वेळ, जागा, उजेड, हिसका, दाब. पळणाऱ्याच्या घड्याळाने खरोखर पाहिलेल्या गोष्टी मुख्यतः एवढ्याच. डबीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं बाकी बरंचसं, म्हणजे जळलेल्या कॅलरी, झोपेची प्रत, थकवा भरून यायला लागणारे तास, व्हीओटू मॅक्स, पुढच्या शर्यतीचं भाकीत, हा या साक्षींवरून केलेला युक्तिवाद आहे. काही युक्तिवाद पक्के असतात, काही लंगडे.

व्हीओटू मॅक्स म्हणजे शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं त्याचं माप. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी पळणाऱ्याच्या पाठीवर पिशवी बांधून श्वास गोळा केला आणि हे मोजलं. घड्याळ श्वासाला शिवतही नाही. ते तुमचा वेग आणि नाडी शेजारी शेजारी ठेवतं: एवढ्या वेगाला एवढेच ठोके, म्हणजे इंजिन एवढं मोठं. तर्क चांगला आहे, पण नाडीचा आकडा खोटा असेल तर त्यावर उभी राहिलेली इमारतही खोटी. शिवाय तुमची नाडी जास्तीत जास्त किती जाते, हे ठाऊक नसेल तर बरीच घड्याळं ‘२२० वजा वय’ हे सूत्र धरतात. हे सूत्र १९७१ च्या एका लेखातून पसरलं, आणि तेही ढोबळ अंदाज म्हणून. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी सहज असतो.

कॅलरींची गोष्ट आणखी बोलकी आहे. २०१७ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मनगटावरची सात यंत्रं ६० माणसांवर तपासली. सातांपैकी सहांनी नाडी ५ टक्क्यांच्या आतल्या चुकीने सांगितली. ऊर्जेच्या आकड्यात मात्र सगळ्यात चांगलं यंत्र सरासरी २७ टक्के चुकलं, आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. यंत्रं तीच, मनगटं तीच. पंचांनी पाहिलेलं बऱ्यापैकी खरं ठरलं आणि वकिलांनी सांगितलेलं ढासळलं. घड्याळ घेताना मला हा सगळ्यात कामाचा धडा वाटतो: तुम्हाला हवा तो आकडा पाच पंचांपासून किती पावलं दूर आहे ते बघा. जितका दूर, तितके त्याच्यासाठी पैसे कमी मोजा.

सोळाशेचा हिशेब

आता भाच्याकडे येतो. अलीकडच्या पोलीस भरतीत पोरांना १६०० मीटर पळायचं असतं, पोरींना ८००. पोरांना पूर्ण २० गुणांसाठी ५ मिनिटं १० सेकंदांची वेळ. म्हणजे ३१० सेकंद, चार राउंड, प्रत्येक राउंडला साडेसत्त्याहत्तर सेकंद. या वेगाला एका सेकंदात पाच मीटरहून थोडं जास्त अंतर पडतं. चांगलं जीपीएस घड्याळ अंतरात एक-दोन टक्के सहज चुकतं, आणि मैदानाच्या वळणांवर तर हमखास. सोळाशेचा एक टक्का १६ मीटर, म्हणजे ३ सेकंद. दोन टक्के धरले तर ६ सेकंद. ज्या तीन-सहा सेकंदांवर गुण ठरतात, तेवढीच घड्याळाची चूक. अशा घड्याळावर सोळाशेची तयारी करणं म्हणजे सोनं कांद्याच्या काट्यावर तोलणं.

यावर एक उदाहरण मनात घोळत राहतं. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे ३,००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ११.२० सेकंदांत धावले. केनियाच्या अब्राहम किबिवोट यांच्यामागे फक्त ०.०५ सेकंद. त्या शर्यतीच्या सरासरी वेगाने हे अंतर होतं सुमारे ३० सेंटिमीटर, एक फूट. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात जवळजवळ तेवढाच जातो. म्हणजे ते एक फूट अंतर उपग्रहाने ओळखायचं, तर मनगटावरच्या यंत्राने सेकंदाचा अब्जावा भाग अचूक धरायला हवा. सुवर्ण आणि रौप्य यांतला फरक मनगटाला दिसत नाही. तो अंतिम रेषेवरच्या कॅमेऱ्याला दिसतो.

मग अंतर मोजायचं कसं? याचं उत्तर वाचून मला सगळ्यात जास्त आनंद झाला. जगातल्या मोठ्या मॅरेथॉनचे रस्ते आजही प्रमाणित करतात ते सायकलने. पुढच्या चाकाला फेरे मोजणारं यंत्र लावतात, आधी टेपने मोजलेल्या अंतरावर सायकल चालवून चाक पारखून घेतात आणि मग सगळा मार्ग मोजतात. वर दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा धरतात, रस्ता चुकूनही कमी भरू नये म्हणून. मॅरेथॉन पळून आलेल्यांच्या घड्याळात ४२.१९५ ऐवजी बेचाळीस किलोमीटर आणि वर चार-पाचशे मीटर दिसतात. घड्याळ बिघडलेलं नसतं. थोडा हा जास्तीचा मीटर, थोडी टिंबांची नागमोड, आणि थोडा वळणांवर बाहेरून पळाल्याचा फरक.

कोणी घ्यावं, कोणी थांबावं

म्हणून माझं मत असं झालं. भरतीचं ग्राउंड मारणाऱ्याने पहिल्या पंचावर विसंबावं. राउंडची वेळ साठवणारं साधं स्टॉपवॉच काही शे रुपयांत मिळतं. उरलेल्या पैशांत चांगले बूट आणि महिनाभराची अंडी-केळी येतात, आणि ती थेट पायांत उतरतात.

आठवड्याला तीस-चाळीस किलोमीटर पळणारा, घाट चढणारा, हाफ मॅरेथॉनची तयारी करणारा माणूस मात्र वेगळा. त्याला दुसरा आणि तिसरा पंच खरंच हवेत. एप्रिलमध्ये त्याच वेगाने पळताना नाडी दहा-पंधरा ठोक्यांनी वर जाते, कारण रक्ताचा मोठा वाटा अंग थंड ठेवायला कातडीकडे धावतो. मनाला वाटतं आपला दम कमी झाला. आकडा सांगतो की ऊन वाढलं, वेग कमी कर. सावकाश पळायच्या दिवशी खरोखर सावकाश पळवणारा एवढा गुणी सोबती दुसरा नाही. अशाने घड्याळ जरूर घ्यावं. पण त्यात स्वतःचं जीपीएस हवं. स्वस्तातली बरीच घड्याळं खिशातल्या फोनचंच जीपीएस उसनं घेतात, आणि फोन घरी ठेवला की आंधळी होतात. घामेजल्या बोटांनी दाबता येतील अशी बटणं हवीत, विदर्भाच्या उन्हात वाचता येईल असा पडदा हवा, रात्री वीज गेली तरी आठवडा निघेल अशी बॅटरी हवी. दोन लहरींवर उपग्रह ऐकणारं असेल तर ज्ञानगंगेच्या झाडीतही रेघ बऱ्यापैकी सरळ येते. घाट हाच तुमचा रोजचा रस्ता असेल, तर दाब मोजणाऱ्या पाचव्या पंचाचेही पैसे वसूल होतात.

आणि ज्याने कालच पळायला सुरुवात केली, त्याने दोन महिने काहीच घेऊ नये. पळताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय, तर वेग बरोबर आहे. हा पंच प्रत्येकाच्या छातीत आधीपासून बसलेला आहे. चाळिशी ओलांडलेल्याने सुरुवातीला एकदा डॉक्टरांना जरूर भेटावं, आणि छातीत कळ आली तर घड्याळ काय म्हणतं ते पाहत बसू नये.

एवढं सगळं भाच्याला सांगितलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘मामा, पण आमचं ग्राउंड चारशेचं आहे हे तरी कोणी मोजलं?’

त्याने गवंड्याचा टेप आणला. रस्त्यावर १०० मीटर आखले, सायकलच्या चाकाला खडूची खूण केली आणि फेरे मोजले: साडेसत्तेचाळीस. मग मैदानावर फक्कीच्या आतल्या रेघेपासून वीतभर बाहेरून सायकल हळूहळू हाताने ढकलत नेली, तीनदा. खऱ्या चारशेला चाकाचे १९० फेरे पडायला हवेत. तिन्ही वेळा ते १९५ च्या वर गेले. राउंड ४११ मीटरचा भरला.

म्हणजे इतके महिने ती पोरं ज्याला सोळाशे म्हणत होती, ते १,६४४ मीटर होतं. भाच्याची चांगल्यातली चांगली वेळ ५ मिनिटं २४ सेकंद. त्या वेळेला खरं अंतर लावलं तर सोळाशेला पडतात ५ मिनिटं १५ सेकंद. दिवाळीपासून तो स्वतःला मागे समजत होता आणि नऊ सेकंद पुढे होता.

त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता, कोणीतरी नवी फक्की मारत होतं. तो म्हणाला, ‘मामा, आता फक्त पाच सेकंद राहिले.’